देवपुजारीकाकांचे इंग्रज बुवा

देवपुजारीकाका कीर्तनाला उभे राहिले, की देवाच्या आधी त्या इंग्रजाच्या टकलाला बुक्का लावायचे. त्यांच्या मुलाच्या बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या दाराशेजारी एका स्टुलावर वीतभर उंचीचा प्लॅस्टरचा पुतळा असायचा. उंच कपाळ, मागे सरकलेले केस, टोकदार दाढी. चारशे वर्षांपूर्वीचा तो इंग्रज नाटककार, कॉलेजात ज्याने तुम्हाआम्हाला छळलं आणि ज्याची नाटकं आजही जगात कुठे ना कुठे चालू असतात, तोच. काका त्याला ‘बुवा’ म्हणायचे. “कपाळ मोठं आहे ना जी बुवांचं, बुक्का लावायला सोयीचं,” असं म्हणून त्याच्या कपाळाला अंगठा टेकवायचे, फ्लीसच्या जॅकेटवर उपरणं सारखं करायचे आणि झांजा उचलायचे.

हा गृहस्थ मला कधीच आवडला नाही. म्हणजे पुतळ्यातला. काका आवडायचे, आणि तीच तर पंचाईत होती.

मी आमच्या कॅनडातल्या, टोरंटोजवळच्या मिल्टनच्या मराठी मंडळाची नाटककार. हसू नका. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मिल्टनमध्ये नव्या घरांपुढे अजून गवतसुद्धा लावलेलं नव्हतं, सगळीकडे चिखल आणि पाट्या, तेव्हापासून दर गणपतीत शाळेचा जिम भाड्याने घेऊन होणारी एकांकिका मीच लिहीत आले. दिवसभर टोरंटोत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचं, परतीच्या ट्रेनमध्ये संवाद लिहायचे. नाटक पंचेचाळीस मिनिटांत संपलं पाहिजे, सात बायकांना भूमिका मिळाल्या पाहिजेत, खजिनदारांच्या मुलीचं भरतनाट्यम कुठेतरी बसलं पाहिजे. बसवायचे मी. आणि पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर, माझा नवरा प्रमोद तिसऱ्या संवादाला झोपलेला असायचा. घोरायचा नाही, एवढे उपकार.

काकांची पहिली भेट अशाच एका प्रयोगानंतर झाली. मुलाकडे नुकतेच राहायला आलेले उंच, किरकोळ म्हातारे गृहस्थ, डोक्याला माकडटोपी. प्रयोगभर ते पुढे वाकून ऐकत होते, मी विंगेतून पाहिलं होतं. असं ऐकणारा माणूस आमच्या मंडळात दुसरा नव्हता. नाटक संपल्यावर ते सरळ माझ्याकडे आले. मी साडीचा पदर सारखा केला, नम्र चेहरा केला.

“नीलाबाई तुम्हीच ना?” ते म्हणाले. “बटाटेवडे फार सुरेख झाले होते बरं का.”

आणि गेले! वडे मी केलेसुद्धा नव्हते.

त्या दिवसापासून एकच ध्यास लागला, की या माणसाने माझ्या नाटकाबद्दल एकदा, फक्त एकदा, ‘छान’ म्हणावं. बाकीचे सगळे म्हणायचेच. “वहिनी, एकदम ऑसम!” म्हणत वड्यांच्या रांगेकडे पळायचे. त्या ऑसमला काय चाटायचंय?

काका मूळचे अमरावतीचे. वडील कीर्तनकार, त्यांच्या मागे उभं राहून लहानपणी झांजा वाजवलेल्या. एकोणीसशे सत्तरच्या आसपास इंजिनिअर होऊन पश्चिम कॅनडात एडमंटनला आले, तेव्हा शहरात मराठी बोलायला माणूस मिळायचा नाही. हिवाळा संपता संपायचा नाही. संध्याकाळी पब्लिक लायब्ररीत गरम असायचं, म्हणून तिथे जाऊन बसायचे आणि बुवांच्या नाटकांच्या रेकॉर्डी कानाला लावून ऐकायचे. “पहिल्या वर्षी मला दोघांनीच जगवलं,” ते सांगायचे. “लोकरीच्या मोज्यांनी आणि बुवांनी. पहिले पहिले तर काहीच कळत नव्हतं बाप्पा. पण माणसं भांडून राहिली, रडून राहिली, एवढं तर कळे! घरात कोणीतरी आहे असं वाटे.” पुढे लग्न झालं, मुलगा झाला, रिटायर झाले, काकू गेल्या, आणि एडमंटनचं घर विकून ते मुलाच्या बेसमेंटमध्ये आले. येताना झांजा आणि पुतळा हातातल्या बॅगेत.

तिथे त्यांनी हे सुरू केलं. महिन्यातून एका रविवारी दुपारी, त्या इंग्रजाचं कीर्तन. पूर्वरंगात त्याचं चरित्र, उत्तररंगात त्याच्या एखाद्या नाटकाचं आख्यान, सगळं मराठीत, शेवटी आरती आणि प्रसादाला त्यांच्या सुनेने, प्राचीने केलेला शिरा. पहिल्यांदा लोक शिऱ्यासाठी गेले असतील. पुढे जिन्यावर बसायला लागले. कुणी त्यांनाच बुवा म्हटलं तर काका कानाला हात लावायचे. “बुवा तो. मी नुसता झांजा वाजवणारा.”

मी का गेले? बघायला, की यात असं आहे तरी काय. आणि सांगते, होतं. काका त्या इंग्रजाला असे आपल्यात ओढून आणायचे, की तो स्टीलच्या ताटलीत शिरा घेऊन शेजारी बसलाय असं वाटायचं. “बाप काय करे? हातमोजे शिवे! मिल्टनला असता तर तीन गॅरेजचं घर बांधलं असतं त्याने.” हशा. मग त्याचं अठराव्या वर्षी लग्न, बायको आठ वर्षांनी मोठी आणि लग्नाआधीच दिवस गेलेले. “आता बोला! मंडळात किती दिवस चघळला असता आपण हा विषय?” मग तो गाव सोडून लंडनला जातो, नट होतो, लिहायला लागतो. कॉलेज शिकलेले लेखक नाक मुरडतात, हा कोण आला उपटसुंभ म्हणून. इथे काका माझ्याकडे बघायचे असं मला वाटायचं. बघतही नसतील.

एकदा त्याच्या मृत्युपत्रातला तो प्रसिद्ध पलंग आला. बायकोला त्याने घरातला दुसऱ्या नंबरचा चांगला पलंग ठेवला. झालं! प्राचीने प्रसादाची ताटं खाली ठेवली आणि म्हणाली, “व्हॉट? मग पहिल्या नंबरचा कुणाला?” जोशीवहिनी म्हणाल्या, पहिला पाहुण्यांचा असणार, आपल्याकडे नाही का चांगल्या चादरी पाहुण्यांना. दुसरी म्हणाली, छे, हा अपमान आहे. अर्धा तास आरती थांबली. ज्या बायकांना माझ्या नाटकातल्या नायिकेचं नावसुद्धा प्रयोगानंतर आठवत नसे, त्या एका इंग्रज बाईच्या पलंगासाठी तावातावाने भांडत होत्या. काका झांजा मांडीवर ठेवून आनंदाने ऐकत बसले होते. माझा नुसता जळफळाट.

आणि पेटीवर कोण होतं माहितेय? प्रमोद! शाळेत कधीतरी पेटी शिकला होता, काकांनी ते त्याच्याकडून काढून घेतलं. दीड-दोन तास हा माणूस डोळे टक्क उघडे ठेवून बसायचा. त्या नाटककाराचा अकरा वर्षांचा मुलगा गेला तो भाग आला. काकांनी आवाज चढवला नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, “पोरगं गेलं. आणि हा माणूस लोकांना हसवायचं लिहून राहिला.” प्रमोदने भाता सोडला आणि चष्मा पुसला. मी पलीकडे बसून ते बघितलं. आमच्या लग्नात, माझ्या बाळंतपणात किंवा माझ्या कुठल्याही नाटकात या माणसाने चष्मा पुसलेला नव्हता. हेवा म्हणतात तो काय असतो, हे मला त्या दुपारी कळलं.

“एवढं काय आहे हो त्याच्यात?” एकदा मी सगळ्यांसमोर विचारलंच. “चारशे वर्षं झाली. नवीन कुणी लिहीतच नाही का?”

“सांगतो ना,” काका म्हणाले. “तो सगळ्यांना बोलू देतो. राजाला बोलू देतो, तसंच पहारेकऱ्याला, कबर खणणाऱ्याला, खून करायला आलेल्यालाही. तुमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये असं कोणी कोणाला बोलू देते का, सांगा बरं!”

“त्याला सात बायकांना भूमिका द्याव्या लागत नव्हत्या.”

“नव्हत्या ना! बायकाच नव्हत्या त्याच्याकडे. मिसरूड न फुटलेली पोरं साड्या... ते आपलं, झगे घालून उभी राहत. वर छप्पर नाही. पाऊस आला की प्रेक्षक ओले, प्लेग आला की थेटर बंद. आणि तुम्हाला तर जिममध्ये हीटिंग आहे, नीलाबाई.”

लोक हसले. प्रमोद सगळ्यात मोठ्याने.

मग ते वर्ष आलं, जेव्हा कमिटीने ठरवलं की गणपतीत या वेळी एकांकिकेऐवजी काकांचं कीर्तन ठेवू. “वहिनी, तुम्हालाही जरा ब्रेक,” अध्यक्ष म्हणाले. ब्रेक! मी घरी येऊन फ्रीज साफ केला, पॅन्ट्री साफ केली, आणि तरी राग जाईना, तशी गाडी काढून काकांकडे गेले. ते ड्राइव्हवेवर उभे राहून शेजाऱ्याच्या कुत्र्याशी वऱ्हाडीत बोलत होते.

“काका, तुम्ही माझी इतकी नाटकं पाहिलीत. वाकून वाकून ऐकता. चांगलं म्हणा, वाईट म्हणा, पण बोला ना काहीतरी!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. “तुमची माणसं फार हुशार बोलतात, नीलाबाई. सगळी तुमच्यासारखी. मी ऐकून राहिलो, कधीतरी दुसरं कोणी बोलेल म्हणून.” मग कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “चहा घेता?”

मी चहा घेतला नाही. आणि त्यानंतर जे नाटक लिहिलं, ते चिडून लिहिलं. माझे बाबा डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, त्यांच्यावर. त्यात एक प्रसंग होता. पहाटे म्हातारा उठतो. कॅनडातली घरं लाकडी, पाय टाकला की जमीन करकरते, म्हणून चपला हातात घेऊन जिना उतरतो. नळ सोडत नाही, दिवा लावत नाही, कुणाची झोप मोडेल. स्वेटर घालून जिन्याच्या पायरीवर बसून राहतो. मुलगी खाली येते. “झोप झाली का बाबा?” “छान झाली.” ती चहा टाकते, आलं किसते. तिने त्याला मघाशीच पाहिलेलं असतं, हे त्याला माहीत असतं, आणि दोघंही काही बोलत नाहीत. बस, एवढाच. एकही हुशार वाक्य नाही.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत प्रयोग झाला. सगळ्यात शेवटचा आयटम, मागे वड्यांचा वास सुटलेला, अर्धे लोक लॉबीत. प्रमोद झोपला होता. काका पुढे वाकून बसले होते. आणि नाटक संपल्यावर मी बाहेर येईपर्यंत ते निघून गेले होते, वडासुद्धा न घेता. त्यांना न्यायला प्राची आली होती, ती म्हणाली, बाबांना बरं वाटत नाहीये. मी समजायचं ते समजले. इतकं वाईट झालं, की म्हाताऱ्याला वड्याचंही निमित्त सापडलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात काका विसरायला लागले. आधी नावं, मग स्टोव्ह, एकदा घरचा रस्ता. प्राची त्यांना एकटं सोडेना. पण कीर्तनाला उभे राहिले की सगळं कसं धडाधड यायचं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, बाहेर सगळ्यांनी आपापल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आल्यावर, त्यांनी त्या म्हाताऱ्या राजाचं आख्यान लावलं, जो मुलींमध्ये राज्य वाटून टाकतो आणि मग त्याला कुणाच्याच घरात जागा उरत नाही.

राजा थोरलीच्या वाड्यावर राहायला आला, इथवर ठीक होतं. मग काका थांबले. वाकले, आणि पायातल्या सपाता काढून हातात घेतल्या. “पहाट झाली. राजा उठला. ज्याच्या मागे शंभर सरदार चालत, तो राजा जोडे हातात घेऊन जिना उतरून राहिला. काहून? की पोरीची झोप मोडेल.” मग ते खरोखरच बेसमेंटच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. अंगावर उपरणं ओढून घेतलं. “दिवा नाही. पाणी नाही. बसला.” मुलगी खाली आली. झोप झाली का बाबा. छान झाली. तिने चहा टाकला, आलं किसलं.

माझं वाक्य न् वाक्य. माझं आलंसुद्धा.

प्राची उठली आणि तोंडाला ओढणी लावून वर निघून गेली. प्रमोदने चष्मा काढला तो घातलाच नाही. आणि माझ्या नाटकात म्हातारा झालेले जोशी माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, “वहिनी, हे आपल्या सीनसारखं नाही का वाटत? तुम्ही त्याच्यावरून ढापला होतात की काय?”

घरी येताना प्रमोद सिग्नलला गाडी थांबवून म्हणाला, “काय लिहून ठेवलंय त्या माणसाने! चारशे वर्षांपूर्वी!”

“तो सीन माझा आहे.”

“नीला, पुरे. आता त्याच्याशी पण कॉम्पिटिशन?”

“अरे, राजाच्या घरी आल्याचा चहा? तेव्हा इंग्लंडमध्ये चहा होता तरी का?”

“इंग्रज आहेत गं. चहा पिणारच.”

स्क्रिप्ट कपाटात होती, काढून नाकाखाली धरता आली असती. पण नवऱ्याला पुरावा दाखवून त्याच्याकडून कौतुक घ्यायचं? मी नाही.

काकांना मात्र विचारल्याशिवाय राहवेना. पुढच्याच आठवड्यात गेले. ते खिडकीशी बसून बर्फाकडे बघत होते, मांडीवर पुतळा. मी हळू आवाजात म्हटलं, “काका, तो जिन्याचा प्रसंग बुवांचा नाही. माझा आहे.”

“हो का?” ते म्हणाले. जरा विचार केला. “मग तुमच्यापासून घेतला असेल त्याने. तो सगळ्यांचं घे. ज्याचं चांगलं दिसे, त्याचं उचले. विचारतही नव्हता.”

मी त्यांच्या डोळ्यांत निरखून बघितलं. थट्टा आहे की विसर, काही म्हणजे काही कळेना. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “फार छान प्रसंग आहे जी. बुवांनी मन ओतलं आहे त्यात.”

इतकी वर्षं ज्या एका शब्दासाठी जीव टाकला, तो मिळाला. आणि पत्त्यावर नाव दुसऱ्याचं! मी हसले की रडले, आठवत नाही. पुतळा उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावा असं वाटलं, हे मात्र आठवतं.

काका एप्रिलमध्ये गेले, झोपेत. फ्युनरल होममध्ये प्राचीने पुतळा त्यांच्या उशाशी ठेवला होता आणि कुणीतरी दोघांनाही बुक्का लावला. बोलायला मंडळाचे सगळेच उभे राहिले. जवळजवळ प्रत्येकाने त्या जोडे हातात घेतलेल्या राजाचा उल्लेख केला. मीही बोलले. काकांच्या वडिलांबद्दल, एडमंटनच्या लायब्ररीबद्दल. राजाबद्दल नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्याकडून तासा-सव्वा तासावरच्या त्या गावी, ज्याचं नावच त्या इंग्रजाच्या जन्मगावावरून ठेवलंय, तेच म्हाताऱ्या राजाचं नाटक लागलं. प्रमोदने स्वतः तिकिटं काढली. आयुष्यात पहिल्यांदा. “काकांसाठी,” म्हणाला. शनिवारची दुपार होती. बाहेर नदीकाठी लोक सँडविच खात होते, राजहंस पावाच्या मागे लागले होते. आत हा माणूस खुर्चीच्या कडेवर बसला, ताठ. राजा थोरलीच्या घरी आला तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. “आता येईल.” आला नाही. राजा तणतणत निघून गेला. मग वादळ आलं, विजा आल्या. मध्यंतरात म्हणाला, “पुढे असेल, काकांनी ऑर्डर बदलली असणार.” दुसऱ्या भागातही तो डोळे ताणून जिना शोधत होता. राजा मेला, दिवे लागले, लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. प्रमोद बसूनच राहिला.

“कापला!” तो म्हणाला. “अख्ख्या नाटकातला बेस्ट सीन, आणि यांनी तोच कापला!”

त्याने शेजारच्या गोऱ्या आजींना इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, हो ना, हल्ली फार कापतात. दारावरच्या मुलीलाही सांगितलं. तिने सॉरी म्हटलं. तरी याचं समाधान होईना. पार्किंग लॉटमध्ये गाडीपर्यंत तो मला तो प्रसंग समजावून सांगत आला. म्हातारा जोडे कसे छातीशी धरतो, पायरीवर कसा अंग चोरून बसतो, मुलगी वर न बघता आलं कशी किसते. एक शब्द चुकत नव्हता. “छान झाली,” या वाक्यापाशी त्याने चष्मा काढला, आणि तो तोंड फिरवून उभा राहिला.

मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. त्या इंग्रजाचा मला तेव्हा फार हेवा वाटला, आणि तोही माझ्याच वाक्यासाठी.